काळं अस्तर

२ फेब्रुवारी, रविवार

ही आज थोरलीकडे गेली. थोरलीचे दिवस भरत आलेत, म्हणजे आता बरेच दिवस घरात मी आणि धाकटी. जाताना चपला घालता घालता हिनं मला बजावलं की पोरीशी वाद घालू नका, आणि बोलायला कुणी नाही म्हणून कुढत बसू नका, लिहून काढा. कापडवाल्यानं फुकट दिलेली ही डायरी मी मापं लिहायला ठेवली होती. पहिल्या पानावर एका सोफ्याचं माप आहे. दुसऱ्या पानापासून मी.

लिहिण्यासारखं काय, तर घरभर खोकी आहेत. धाकटीनं कॉम्प्युटर घेतला. तयार नाही, सुटे भाग आणलेत, आता म्हणे घरी जोडणार. कशासाठी, तर खेळायला! चोवीस वर्षांची घोडी, कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर फोनवर लोकांची बोलणी खाते, आणि साठवलेलं सगळं ह्या ठायठुई खेळात घातलं. मी म्हटलं, एवढ्यात एक चांगलं शिलाई मशीन आलं असतं. तर म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे तीन आहेत." ते खरं आहे.

जोडायला लांब्या येणार. त्याला नाव आहे, पण मी मनात लांब्याच म्हणतो, कारण आमच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते. लिफ्ट दुरुस्त करतो. धाकटीची आणि त्याची खेळात जोडी आहे, स्पर्धांत वगैरे उतरतात. आणि नुसती खेळात नाही. आई परत आली की त्याच्या घरच्यांना बोलवायचं, असं धाकटीनं आम्हाला सांगून टाकलंय. हिनं लगेच मान डोलावली. मी म्हटलं, "बघू." माझं 'बघू' म्हणजे नाही, हे धाकटीला फ्रॉक घालत होती तेव्हापासून ठाऊक आहे. त्या दिवसापासून ती माझ्याशी जपून बोलते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोघं सकाळपासून जमिनीवर बसून जोडत होती. मी माझ्या मशीनवर दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीची सीट-कव्हरं शिवत होतो. नवी कोरी गाडी, सीटमधून म्हणे गार हवा येते. लोकांना काय काय लागेल! वरून बारीक छिद्रांचं रेक्झिन घातलं. सीटखाली वायरी आणि जाळ्या उघड्या दिसत होत्या, ओंगळ. बाईंनी सांगितलं नव्हतं, तरी खालून अस्तर लावून बंद करून टाकलं. उघडंवाघडं काही सोडवत नाही मला. टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, रिमोटलाही आहे. ही म्हणते, मी फार वेळ एका जागी उभी राहिले तर तुम्ही माझंही माप घ्याल.

संध्याकाळी कॉम्प्युटर चालू झाला. आतले पंखे फिरले, दिवे लागले, धाकटीनं टाळ्या पिटल्या. तिला असं हसताना पाहून बरेच दिवस झाले होते. लांब्या मात्र खोलीभर बघत म्हणाला, "काका, फक्त धुळीचं बघावं लागेल. तुमच्या फोमचा भुगा आत गेला तर पंखे खराब होतील." धाकटी म्हणाली, बाबांचा भुगा आमच्या चहातसुद्धा असतो. दोघं हसली. मीही हसलो, पण ते मला लागलं. ह्याच भुग्यावर दोन्ही पोरी शिकल्या. पण बोललो नाही काही, कारण भुगा उडतो हे खरंच आहे आणि तिचं टेबल माझ्या मशीनपासून चार हातांवर आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक काम केलं. कुणाला सांगणार नाही, इथंच लिहितो.

धाकटी ऑफिसला गेल्यावर टेबलाखाली शिरून कॉम्प्युटरची पेटी नीट बघितली. वर आणि समोर बारीक जाळी आहे, ती ठीक वाटली. पण तळाला पेटी चार पायांवर उभी, आणि खालून एक सरकती जाळी. जमिनीवरचा सगळा भुगा तिथूनच शिरणार. ती जाळी ओढून काढली, तिच्या मापाचा पातळ फोम कापला, त्यावर काळं अस्तर घेतलं आणि जाळीच्या आतल्या अंगाला चारी बाजूंनी शिवून टाकलं. इतके बारीक टाके मी थोरलीच्या लग्नानंतर घातले नव्हते. तोंडाजवळ धरून जोरात फुंकर मारून पाहिली, हवा जाते. जाळी परत सरकवली. काळ्यावर काळं, खालून कुणी बॅटरी मारून बघितलं तरी कळायचं नाही.

सांगणार नाही, कारण 'बघू' म्हणणारा बाप त्याच डबड्याला अस्तर लावतोय हे कळलं तर दोघं मला महिनाभर सोडणार नाहीत. पण मला समाधान वाटलं. पोरीच्या वस्तूला आपला हात लागला पाहिजे.

८ फेब्रुवारी, शनिवार

कॉम्प्युटर बंद पडला. धाकटी आणि लांब्या खेळत होती, ती इथून, तो त्याच्या घरून. ऐन रंगात फट्कन अंधार. पंखे थांबले, दिवे गेले. बटण दाबलं तर ढिम्म. थोड्या वेळानं मात्र आपोआप शहाण्यासारखा चालू झाला. मग परत तासाभरात तेच.

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. येत्या बावीस तारखेला त्यांची निवडीची मॅच आहे, त्यात जिंकले तर एका मोठ्या संघात दोघांना घेणार आहेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

लांब्या कामावरून थेट आला. पेटी उघडली. त्याची एक पद्धत आहे, ती मला नाइलाजानं आवडली. म्हणतो, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं सुटलं ते कळत नाही, आणि मग सुटलं तरी सुटलेलं नसतं." लिफ्टचंही तो असंच करतो. आज मेमरीच्या पट्ट्यांपैकी एक काढून पाहिली, मग दुसरी. दोन्ही वेळा तेच. साधं काम करताना काही होत नाही, खेळ लावला की थोड्या वेळानं जातो.

मला वेगळीच शंका आली. माझं मोठं मशीन त्याच लाइनीवर आहे. जाड रेक्झिन आलं की ते वीज खेचतं, आमचा दिवाही मिणमिणतो. म्हणजे मीच तर पोरीचा कॉम्प्युटर पाडत नाही ना? जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धाकटी खेळायला बसली की मी मशीन बंद ठेवतो. तिला सांगितलं पाठ दुखते. दोन सोफे अडकलेत, गिऱ्हाइकं फोन करतात, मी खोटं सांगतो. एवढं करूनही आज परत पडला. म्हणजे मशीन नाही. हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं की पोरीचं काम अडलंय आणि आपल्याला हायसं कसलं वाटतंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लांब्या परत आला. आज आतलं सगळं सॉफ्टवेअर पुसून पहिल्यापासून घातलं. मग मोठ्या पंख्याखाली गारव्यासाठी मलम असतो, तो काढून नवा लावला. आतलं तापमान स्क्रीनवर दिसतं, ते ठीक होतं. मग आडवा झोपून त्यानं बॅटरीनं पेटी खालूनसुद्धा बघितली. मी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाला, "खालची जाळी एकदम स्वच्छ आहे. धुळीचा कण नाही. काका, तुमच्या घरात हे आश्चर्य आहे."

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! ओठांवर आलं होतं की अरे ते माझं काम. पण तेवढ्यात धाकटी त्याला पाणी घेऊन आली, आणि ज्या नजरेनं तिनं त्याच्याकडे पाहिलं ती बघून मी तोंड मिटलं. सांगेन कधीतरी, कॉम्प्युटर सुधारला की.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे लिहायची लाज वाटते, पण हिनं सांगितलंय लिहा.

काल लांब्या पेटी उघडून बसला होता. शर्टाची पाठ घामानं ओली झालेली. परत चालू केली, परत पडली. त्याचा चेहरा उतरला. आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. वाटलं, घ्या, मोठे आले लिफ्टवाले. एवढी माणसं वर-खाली नेतो आणि एक पेटी चालवता येत नाही. मुळात हा कॉम्प्युटर आणल्यापासून मी मनात म्हणत होतो की पडू दे बंद, पोरीचं डोकं ठिकाणावर येईल. मग धाकटी उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ नळच सोडून ठेवला. ती रडायला गेली की नळ सोडते. तेव्हा माझ्या गुदगुल्या जिथल्या तिथं थांबल्या.

एखाद्याच्या मनात सारखं वाईट येत राहिलं तर ते लागतं का? मी असलं मानत नाही. पण आज हिला फोनवर विचारलं. ही म्हणाली, "तुमचं मन एवढं ताकदीचं असतं तर माझी गुडघेदुखी कधीच गेली असती. पोरीला चहा करून द्या."

चहा करून दिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज लांब्यानं एक केलं, ते लिहायलाच हवं. पेटीच्या तळाशी एक डबा असतो, पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज आधी तिथं जाते आणि मग सगळ्या भागांना मिळते. लांब्याचं म्हणणं, तोच दगा देत असेल, त्याचं तापमान स्क्रीनवर दिसत नाही. नवा आणायला वेळ नाही. म्हणून त्यानं स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरचा डबा काढून आणला आणि धाकटीच्या पेटीत बसवला. स्वतःचा कॉम्प्युटर पांगळा करून. शनिवारची मॅच तो मामेभावाकडे बसून खेळणार.

धाकटी नको नको म्हणत होती. तो म्हणाला, तू नीट खेळलीस तर आपण जिंकू, मी कुठूनही खेळतो. बोलताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं, म्हणजे मला दाखवायला नव्हतं ते. मला वाटलं, उठून पोराच्या पाठीवर हात ठेवावा. पण तो बसला होता खाली आणि मी होतो मशीनवर, पाय पेडलवर. नाही उठलो.

त्याच्या डब्यावर कॉम्प्युटर पाऊण तास चालला. धाकटी आनंदात होती. मग पडला. लांब्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, आता एकच राहिलं, ग्राफिक्स कार्ड. ते सगळ्यात महाग म्हणून त्यांनी वापरलेलं घेतलंय, लांब्याच्या ओळखीतून. त्यानं स्वतः दोन दिवस चालवून बघितलं होतं, तेव्हा काही झालं नव्हतं म्हणाला. धाकटीनं विचारलं, नक्की चालवलं होतंस? तो म्हणाला, हो. तिनं पेटीचं झाकण लावून टाकलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मॅच झाली. म्हणजे झाली नाही.

पहिले दोन डाव दोघं पुढे होती. मी मशीन बंद करून बाजूला बसलो होतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण धाकटीचा आवाज असा खणखणीत लागलेला की कळत नसताना मजा येत होती. तिसऱ्या डावात फट्. कॉम्प्युटर गेला तो गेला. ती बटण दाबत राहिली. तिकडे लांब्या एकटा, समोर दोघं. चालू होईपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी लांब्या आला. धाकटीनं त्याला बस म्हटलं नाही. म्हणाली, कार्ड खराब आहे आणि तुला माहीत होतं. ओळखीच्या माणसाची अडचण होती म्हणून तू माझ्या गळ्यात मारलंस. तो पहिल्यांदा हसलाच, त्याला गंमत वाटली. मग त्याला कळलं की ती गंमत करत नाही. म्हणाला, मी चालवून बघितलं होतं. ती म्हणाली, "खोटारडा आहेस तू."

मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

तिनं मला विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काही विचारलं. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "चांगली चालणारी वस्तू कुणी विकायला कशाला काढेल?"

एवढंच म्हणालो. लांब्यानं माझ्याकडे बघितलं. मग मान वाकवून दारातून बाहेर गेला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मोरीतला नळ दोनदा चालू होता. मी दुपारी एका खुर्चीची पाठ उलटी शिवली आणि मग सगळी उसवली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लांब्याचा फोन नाही. धाकटी फोन पालथा घालून ठेवते आणि सारखा उलटून बघते.

मी बोललो ते काही चूक नव्हतं, असं मी सकाळपासून स्वतःला सांगतोय. जुन्या वस्तूबद्दल कुणीही तेच म्हणेल. पण मी कार्डाबद्दल बोललोच नव्हतो. मला तो माणूस नको होता म्हणून बोललो. तिनं विचारलं तेव्हा मला संधी मिळाल्यासारखं झालं, आणि जीभ सुटली. आता तिला जेवायला चल म्हणायचीही भीती वाटते.

धाकटी म्हणाली, परवा ऑफिसातली मैत्रीण तिचं कार्ड देणार आहे. ते बसवून बघायचं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भराभर लिहितोय. अक्षर लागलं नाही तरी चालेल.

सकाळी डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. तोंड वाकडं. म्हणाल्या, कव्हरं सुंदर आहेत पण सीटमधून गार हवा यायची बंद झाली, आणि खालून जळका वास येतो. मी म्हटलं, छिद्रांचं रेक्झिन घातलंय, हवा अडायचा प्रश्नच नाही. पैजेवर सांगितलं. मग गाडीत वाकून सीटखालचं अस्तर उसवलं. आतला छोटा पंखा गरम झालेला, हात लावला तर चटका बसला. बाई म्हणाल्या, "अहो, पंखा हवा घेतो खालून. तुम्ही त्याचं नाकच शिवून टाकलंत."

मी कात्री हातात धरून तसाच वाकलेला राहिलो. बाईंना वाटलं पाठीत उसण भरली. त्यांनी मला धरून बाहेर काढलं.

त्या गेल्यावर टेबलाखाली शिरलो. जाळी ओढली. माझं अस्तर. तळाशी जो डबा आहे, वीज घेणारा, त्याचा पंखा नेमका त्या जाळीवर. मधोमध फोम पिवळा पडून कडक झाला होता. धाकटीचा डबा असो की लांब्याचा, दोघांचं नाक मीच दाबलं होतं. तो गरम व्हायचा, बंद पडायचा, निवला की चालू व्हायचा. इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. आणि लांब्या खाली झोपून बॅटरी मारून म्हणाला होता, धुळीचा कण नाही.

अस्तर उसवलं. टाके इतके घट्ट होते की नख तुटलं. जाळी नुसती परत सरकवली. ठरवलं, धाकटी आली की चपला काढायच्या आत सांगायचं.

धाकटी आली ती मैत्रिणीचं कार्ड घेऊनच. चपला न काढता पेटी उघडून बसली. लांब्याचा डबा काढला, आपला जुना बसवला. लांब्याच्या ओळखीचं कार्ड काढलं, मैत्रिणीचं घातलं. मी म्हटलं, अगं जरा थांब. ती म्हणाली, बाबा पाच मिनिटं. आणि खेळ लावला.

चालला. जेवायची वेळ झाली तरी चालतच होता. धाकटी उठली, माझ्यापाशी आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मोठी झाल्यापासून असं केलं नव्हतं तिनं. म्हणाली, "त्याच्या दोन्ही वस्तू काढल्या आणि चालू झाला. तुमचं बरोबर होतं, बाबा. मीच वेडी."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. काळं अस्तर माझ्या खिशात होतं. तिथंच राहिलं.

१ मार्च, शनिवार

थोरलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी आजोबा झालो आणि मला धड हसताही येत नाही.

धाकटीनं लांब्याच्या वस्तू एका खोक्यात भरल्या. डबा, कार्ड, त्याचा एक टी-शर्ट, एक पेचकस. कुरिअरनं पाठवणार, त्यांच्याच ऑफिसातून. कॉम्प्युटर मजेत चालतोय. एका वेळी एकच बदलायचं, असं तो म्हणायचा. त्या दिवशी तिनं दोन बदलल्या आणि तिच्या नकळत मी तिसरी.

हिचा फोन आला तेव्हा नातीचं सगळं सांगून झाल्यावर ही म्हणाली, आता मी आले की त्या मुलाच्या घरच्यांना बोलवू. तेव्हा मी सांगून टाकलं. अस्तर, कार्ड, मी काय बोललो ते, सगळं. तिकडून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मग ही म्हणाली, "मला कशाला सांगताय? जिला सांगायचं ती भिंतीपलीकडे आहे."

२ मार्च, रविवार

सांगितलं.

सकाळी ती खोक्याला चिकटपट्टी लावत होती. मी अस्तर खिशातून काढून खोक्यावर ठेवलं. तिला कळेना. मग बोलत गेलो. गुरुवारी तू यायच्या आधी मी हे काढलं, म्हणून चालतोय. कार्ड चांगलं आहे. डबे दोन्ही चांगले आहेत. तो खरं बोलत होता. आणि तू मला विचारलंस तेव्हा मी जे बोललो ते कार्डाबद्दल नव्हतं, तो मला आवडत नव्हता म्हणून बोललो.

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर किती बरं झालं असतं. तिनं अस्तर उचललं, पिवळ्या डागावर बोट फिरवलं, कडेचे टाके बघितले. "किती बारीक घातलेत," म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही धुळीसाठी केलंत, बाबा. मला सांगितलं असतंत तर हसले असते आणि काढून टाकलं असतं. पण खोटारडा मी म्हटलं त्याला. ते तुम्ही नाही म्हटलं."

मी म्हटलं, तसं नाही गं. ती म्हणाली, तसंच आहे. खोकं उचललं आणि स्वतः घेऊन गेली त्याच्याकडे. दुपारी परत आली, रिकाम्या हातानं. त्याला सांगितलं, एवढंच म्हणाली. पुढं मी विचारलं नाही. नळ वाजेल म्हणून कान देऊन बसलो होतो. नळ वाजला नाही, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

४ मार्च, मंगळवार

आज मी गेलो. तो कुठं काम करतोय ते त्याच्या मालकाला विचारून काढलं. सात मजली इमारत, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आणि लांब्या वरच्या मजल्याच्या उघड्या दारात पोटावर पालथा, डोकं खाली लिफ्टच्या टपाकडे. माझा आवाज ऐकून बाहेर आला. हाताला वंगण. बसायला जागा नव्हती म्हणून दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो. बसला तरी माझ्याहून उंच.

मी हात जोडायला गेलो तर त्यानं कोपरानं अडवलं, वंगण लागेल म्हणाला. मी सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाच विचारलं, फोमची जाडी किती होती? मी दाखवली बोटांनी. तो मान हलवत म्हणाला, मी जाळी बाहेर काढून बघायला हवी होती. बघा, एवढं झालं तरी स्वतःचंच चुकलं म्हणतो!

मग म्हणाला, "काका, अस्तराचा मला राग नाही. आमच्या घरी आईसुद्धा सगळ्यावर काहीतरी घालते. पण त्या दिवशी तिनं मला विचारलं नाही, ठरवून टाकलं. आणि मी तुमच्याकडे बघितलं, की निदान काका म्हणतील, अगं थांब, त्याचं ऐकून घे."

मी म्हटलं, मुला, माझी चूक झाली, मोठी झाली. ही परत आली की तुझ्या घरच्यांना घेऊन ये. मी स्वतः बोलावतोय.

त्यानं हाताचं वंगण फडक्याला पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. मग उठला आणि माझ्याकडे बघून नीट, आदरानं म्हणाला, "बघू, काका."

६ मार्च, गुरुवार

दोन दिवस धाकटीला सांगितलं नव्हतं की मी जाऊन आलो. आज सांगितलं. आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय. तिनं विचारलं, काय म्हणाला?

मी काहीतरी गोड करून सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. म्हटलं, "बघू म्हणाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला त्या शब्दाचा अर्थ ह्याच घरात शिकवलाय, मी शिकवलाय. मग तिनं मान हलवली, मला चहा करून दिला आणि कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. एकटीचाच खेळ लावला, समोर शत्रू, बाजूला कुणी नाही. मी मशीन चालू केलं नाही. तळातला पंखा फिरताना ऐकू येत होता, एकसारखा.

मी मनात म्हणत होतो, एकदा तरी पड बंद. तिला फोन उचलून त्याला विचारायला काहीतरी कारण होईल.

संध्याकाळपर्यंत एकदाही पडला नाही.